आईबापांस वृद्धाश्रमात नेताना

‘वृद्धाश्रम’ हा शब्द आमच्या सीमाभागातील खेड्यांत अजून हळू आवाजातच उच्चारला जातो. अमक्याची आई आश्रमात आहे असे कोणी सांगितले, की ऐकणारा क्षणभर गप्प होतो; आणि त्या गप्प राहण्यात मुलाविषयीचा निवाडा असतो. मुलगा नालायक निघाला, सून कजाग निघाली, एवढ्या दोन वाक्यांत गाव सारा खटला निकालात काढते. उलटपक्षी, जी वृद्ध माता गावातच आहे, पण दिवसदिवस जिच्या दाराशी कोणी फिरकत नाही, जी कालची भाकरी पाण्यात भिजवून खाते, तिच्या मुलाकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. कारण त्याची आई ‘घरी’ आहे!

या दोन्ही निवाड्यांत काहीतरी चुकते आहे, असे आम्हांस वाटते. आईबापांस आश्रमात नेणे हे नेहमीच पाप नव्हे, आणि त्यांस घरी ठेवणे हे नेहमीच पुण्य नव्हे. पाप आहे ते त्यांस फसवून नेण्यात आणि नेल्यावर विसरण्यात. ज्या कुटुंबांपुढे आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे, त्यांनी तो डोळे उघडे ठेवून सोडवावा, एवढ्यासाठी हा लेख.

घरे का ओस पडतात

बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. त्याच वेळी बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यास जोडले गेले. पुढे 1973 साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि 2014 साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी. नावे बदलली, पण माणसांची सोयरीक बदलली नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरे रेघेच्या अलीकडे राहिली आणि त्यांचे सोयरेधायरे पलीकडे. लेकी उदगीर-लातूरकडे दिल्या जातात. मुलगे पोटासाठी पुणे, मुंबई, सोलापूर, हैदराबाद गाठतात. गावी राहतात ते म्हातारे आईबाप आणि दाराला लावलेले कुलूप.

समजा, भालकी तालुक्यातील एका गावी एक विधवा माता आहे. वय 78. थोरला मुलगा पुण्यास कारखान्यात, धाकटा हैदराबादेस मोटार चालवितो, लेक उदगीरला दिलेली. चार एकर कोरडवाहू रान, त्यात तूर आणि ज्वारी. तेही आता बटईने दिलेले. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती काठीच्या आधाराने चालू लागली. पण रात्री उठावे लागले तर हात धरावयास कोणी नाही. थोरल्याने तिला दोन महिने पुण्यास ठेवून पाहिले. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, माणसे पाच, नवरा-बायको दोघेही कामावर. ती बिचारी दिवसभर बंद दाराआड बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, “मला माझ्या गावी नेऊन सोड.” धाकट्याचे बिऱ्हाड याहून लहान. लेकीच्या घरी तिची सासूच अंथरुणाला खिळलेली.

या घरात दुष्ट कोणीच नाही. तिन्ही मुलांचा आईवर जीव आहे. तरीही तिची सोय लागत नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढील माणसे 10 कोटी 38 लाख, म्हणजे शंभरांत आठ-नऊ, भरली. आयुष्य लांबले ही देवाची कृपाच. पण ज्या एकत्र कुटुंबाच्या भरवशावर आपले आजी-आजोबा म्हातारे झाले, ते कुटुंब तेवढे लांबले नाही. उलट ते आखूड झाले.

आज्ञेचा अर्थ

आईबापांचा मान राख, ही चौथी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. तेव्हा तिचा अर्थ आपणांस ‘सांगितलेले ऐकावे’ एवढाच कळला. परंतु ही आज्ञा मोठ्यांसही आहे, आणि तेथे ती अधिक कठीण आहे. सिराखच्या ग्रंथात म्हाताऱ्या बापाची बुद्धी मंदावली तरी त्याचा पाणउतारा करू नये, असा उपदेश आहे. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने अशा लोकांस खडसावले आहे, की जे देवाला वाहिल्याचे निमित्त करून आईबापांच्या हक्काचे त्यांस देत नसत. मंदिराला देणगी आणि आईला उपास, हा व्यवहार प्रभूला मान्य नव्हता.

तथापि मान राखणे म्हणजे एकाच छपराखाली राहणे, असे ही आज्ञा कोठेही म्हणत नाही. क्रुसावर टांगलेला असता प्रभूने आपल्या मातेची सोय लावली ती कशी, हे आठवावे. त्याने तिला आपल्या प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले. आणि त्या दिवसापासून ती त्या शिष्याच्या घरी राहिली. स्वतःला जे करता येणे शक्य नव्हते, ते त्याने विश्वासाच्या माणसावर सोपविले. आणि तेही आईच्या समक्ष, तिला उद्देशून बोलून.

एक बिछाना आणि त्यातून झालेले कार्य

वृद्धाश्रम म्हणजे नको झालेल्यांची अडगळ, ही समजूत ज्यांस घालवावयाची असेल, त्यांनी संत जीन जुगान हिचे चरित्र ऐकावे. ती 25 ऑक्टोबर 1792 रोजी फ्रान्स देशात ब्रिटनी प्रांतातील कांकाल या कोळ्यांच्या गावी जन्मली. ती लहान असतानाच तिचा बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही. पुढे तिने एका श्रीमंताच्या स्वयंपाकघरात काम केले, रुग्णालयात सेवा केली, लोकांच्या घरी मोलमजुरी केली. 1839 च्या हिवाळ्यात, सत्तेचाळीस वर्षांची असताना, सां-सेर्वां या गावी आन शोव्हँ नावाची एक आंधळी व अर्धांगाने पंगू झालेली निराधार म्हातारी तिला भेटली. जीनने तिला उचलून जिना चढून आपल्या बिऱ्हाडी आणले, स्वतःच्या बिछान्यावर निजविले आणि आपण माळ्यावर जाऊन झोपली.

त्या एका बिछान्यापासून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’, म्हणजे गरिबांच्या लहान भगिनी, या संघाची सुरुवात झाली. दुसरी म्हातारी आली, तिसरी आली. ज्या म्हाताऱ्या पूर्वी दारोदार भीक मागत, त्यांच्याऐवजी जीन स्वतः टोपली घेऊन त्याच दारांवर जाऊ लागली. त्यांची लाज तिने आपल्या अंगावर घेतली. हा संघ 1882 साली कलकत्त्यास आला. आज या भगिनींची घरे बंगळूर, मुंबईत अंधेरी आणि आपणांस जवळ असलेले सिकंदराबाद येथे आहेत, आणि गरीब वृद्धांस जातधर्म न विचारता तेथे आसरा मिळतो.

जीनच्या चरित्राचा उत्तरार्ध आम्हांस अधिक हृदयस्पर्शी वाटतो. 1843 साली तिला प्रमुखपदावरून दूर सारण्यात आले, आणि आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे ती संघाच्या मुख्य मठात एक सामान्य भगिनी म्हणून राहिली. ज्या तरुण मुली तिच्याबरोबर जेवत व प्रार्थना करीत, त्यांतील अनेकींस ही म्हातारीच आपल्या संघाची संस्थापिका आहे हे ठाऊकही नव्हते. 29 ऑगस्ट 1879 रोजी ती वारली तेव्हा संघात सुमारे 2,400 भगिनी होत्या. 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद दिले. म्हातारपणी बाजूला सारले जाणे म्हणजे काय, हे जिने स्वतः सोसले, तीच आज म्हाताऱ्यांची संत आहे.

फसवून नेऊ नये

आता आपल्या भालकीकडील माउलीकडे वळू. तिन्ही मुलांनी मिळून आश्रमाचा विचार केला. येथेच पुष्कळ कुटुंबे घसरतात. मुले आपसांत फोनवर सारे ठरवितात, पैशांची वाटणी करतात, जागा पक्की करतात, आणि आईला सांगतात, “चल, डॉक्टरांना दाखवून येऊ.” गाडी आश्रमाच्या फाटकाशी थांबते. मुलगा कागदावर सही करतो, आईचे बोचके खाटेखाली ठेवतो आणि डोळे पुसत परत फिरतो. त्याला वाटते, आईला दुःख होऊ नये म्हणून आपण हे केले. खरे पाहता त्याने आपले दुःख चुकविले आहे, आईचे नव्हे. त्या दिवसापासून आईचा कोणाच्याच शब्दावर विश्वास राहत नाही. पुढे खरोखर दवाखान्यात न्यावयाचे झाले तरी ती गाडीत बसावयास घाबरते.

म्हणून पहिला नियम हा, की बोलणे आईशी आधी व्हावे, आणि ते एकदाच नव्हे. पडल्याझडल्यावर घाईने नव्हे, तर ती धडधाकट असतानाच हा विषय काढावा. “तुला कोठे ठेवायचे” असे न विचारता, “रात्री तुला कशाची भीती वाटते? दिवस कसा जातो? तुला काय सोडवणार नाही?” असे विचारावे आणि ऐकून घ्यावे. तिची भीती पुष्कळदा आपण समजतो त्याहून निराळी असते. कोणाला मरणाची भीती नसते, परक्या मातीत पुरले जाण्याची असते. “मी मेले तर मला आपल्या गावच्या दफनभूमीत, तुझ्या बाबांशेजारी आणाल ना?” हा प्रश्न तिच्या ओठांवर येऊन थांबलेला असतो. त्याचे उत्तर मुलांनी तिला स्पष्ट द्यावे आणि ते पाळावे.

दुसरा नियम असा, की तिला आधी जागा दाखवावी. एकदा दिवसभर नेऊन आणावे. तेथील नियमांत बसत असेल तर पंधरा दिवस राहू द्यावे. तिने ‘नको’ म्हटले तर ते ‘नको’ समजून घ्यावे. कदाचित तिला आश्रम नको नसेल, फक्त ती खोली नको असेल. आणि शुद्धीवर असलेल्या आईचा निर्धारच ‘नाही’ असेल, तर गावातच शेजारीण, भाची, एखादी पगारी बाई, दुपारचा डबा, न्हाणीत धरावयास लोखंडी दांडी, असा दुसरा मार्ग शोधणे मुलांवर बंधनकारक आहे, असे आमचे मत आहे.

जागा पाहताना

आश्रमाची फरशी चकचकीत आहे की नाही, हे मुले आधी पाहतात. ते शेवटी पाहावे. आधी पाहावे ते पुढीलप्रमाणे.

तेथे मराठी कोण बोलते? आमच्या भागात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच विचारावयाचा राहतो. कलबुर्गीकडे कारभार कन्नडात, सिकंदराबादेकडे तेलुगू व इंग्रजीत. आपली माउली बाजारापुरते कन्नड आणि दखनी सहज बोलते, म्हणून मुलांस वाटते तिचे भागेल. परंतु रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर ती मराठीतच कण्हते. पापनिवेदन तिला मराठीतच करवते. स्मृती मंदावू लागली, की मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि आईची भाषा तेवढी उरते. तेथे एखादी सेविका, एखादी सिस्टर, निदान शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी मराठी असली, तरी अर्धा आश्रम घर झाला असे समजावे.

ताटात काय असते? जिने जन्मभर ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली, तिला दोन्ही वेळा भात दिला तर ती तक्रार करणार नाही, पण उपाशी राहील. आठवड्यातून दोनदा तरी भाकरी होईल का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

हाताला काम आहे का? बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आपल्या याच कल्याण नगरीत ‘कायक’ म्हणजे श्रमाची थोरवी सांगितली. म्हाताऱ्या माणसालाही ती लागू आहे. तूर निवडणे, लसूण सोलणे, वेदीसाठी फुले गुंफणे, असे काहीतरी काम असलेली म्हातारी टिकते. नुसती बसवून ठेवलेली खचते.

रात्री आजार झाला तर कोणता दवाखाना, कोणते वाहन? मिस्साला जाण्याची सोय आहे का, आणि जी उठू शकत नाही तिच्याकडे फादर कम्युनियन घेऊन येतात का? दरमहा किती द्यावे लागते, आणि आई अंथरुणाला खिळली तर तेथे ठेवून घेतात की परत न्या म्हणतात? हा शेवटचा प्रश्न विचारावयास लोक संकोचतात आणि पुढे पस्तावतात.

शेवटी, तुम्हांस तेथे किती वेळा जाता येईल? बीदर व कलबुर्गी यांस जोडणारी सुमारे 110 किलोमीटरची रेल्वे ऑक्टोबर 2017 मध्ये पूर्ण सुरू झाली. त्यामुळे हुमनाबादकडील लोकांस दोन्ही शहरे जवळ आली. दूरच्या उत्तम आश्रमापेक्षा, जेथे महिन्यातून दोनदा जाता येईल असा जवळचा साधा आश्रम बरा.

कागद आणि जमीन

आई आश्रमात गेली, की चार एकर जमिनीचा प्रश्न लगेच डोके वर काढतो. तिचा अंगठा घेऊन पहाणीपत्रकावर नाव चढविण्याची घाई करणारे मुलगे आम्ही पाहिले आहेत. वृद्ध वाचकांस आमचे कळकळीचे सांगणे आहे, की हात चालतो आहे तोवर जमीन आपल्या नावे असू द्यावी. द्यावयाचीच असेल, तर बक्षीसपत्रात ‘माझा सांभाळ करावा’ ही अट लेखी घालून घ्यावी.

यामागे कायद्याचे बळ आहे. मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासंबंधीचा 2007 चा केंद्रीय कायदा सांगतो, की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन पुढे सांभाळ न केल्यास ते हस्तांतर रद्द ठरविता येते. अशी अट असणे आवश्यक आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मधील एका निकालात भर दिला आहे. ज्यांस स्वतःचा निर्वाह करता येत नाही, अशा आईबापांस याच कायद्याने मुलांकडून दरमहा ₹10,000 पर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. तो अर्ज उपविभागाच्या न्यायाधिकरणापुढे होतो. वृद्धास टाकून देणे हा तर गुन्हाच आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ₹5,000 पर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम सरकारने उभारावे, अशीही तरतूद त्यात आहे. सल्ला वा मदत हवी असल्यास वृद्धांसाठी 14567 हा देशव्यापी दूरध्वनी क्रमांक आहे.

आईचे आधार कार्ड, दवाखान्याचे कागद, औषधांची यादी यांची एकेक प्रत आश्रमात आणि एकेक मुलांजवळ असावी. संध्या सुरक्षा योजनेचे किंवा विधवा वेतनाचे पैसे मिळत असतील, तर पत्ता बदलण्यापूर्वी नाडकचेरीत चौकशी करावी, नाहीतर वेतन मध्येच थांबण्याचा धोका असतो. आणि बँकेचे पुस्तक आईच्याच उशाशी राहू द्यावे. स्वतःच्या चार पैशांतून शेजारणीस चहा पाजण्याचा आनंद तिच्यापासून हिरावून घेऊ नये.

पहिले महिने

जाण्याचा दिवसही विचाराने निवडावा. आमच्याकडील वैशाखाच्या उन्हात म्हाताऱ्या माणसास हलवू नये. तुरीची रास घरी येण्याच्या दिवसांतही नेऊ नये; जन्मभर शेतात राबलेल्या जिवाला सुगी टाकून जाणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास सोडून उठणे वाटते. बरोबर काय न्यावे ते तिचे तिला ठरवू द्यावे. तिची वाकळ, रोजरीची माळ, मरीयामातेची जुनी तसबीर, पाणी प्यावयाचा तिचा तांब्या. मुलांस हा पसारा वाटतो. तिला तेवढेच घर उरलेले असते.

पहिले काही आठवडे ती रडेल. ‘मला घेऊन जा’ म्हणेल. मुलांनी तेव्हा भेटीस जाणे टाळू नये. ‘आपण गेलो की ती अधिक रडते’ ही सबब आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. पण जिच्याजवळ रडावयास कोणी येत नाही, तिचे रडे थांबलेले नसते, ते आत गेलेले असते. ठरलेल्या वारी जावे, ठरलेल्या वेळी फोन करावा. येतो म्हणून न येणे, यासारखी शिक्षा नाही. ती फाटकाकडे डोळे लावून बसलेली असते.

भेटीस जाताना फळांच्या पिशवीपेक्षा गावच्या बातम्या न्याव्यात. पाऊस किती झाला, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी बारसे झाले. घरात लग्न ठरत असेल तर तिला विचारावे. तिचे मत कोणी विचारीनासे होते, तेव्हा खरे घर सुटते. आणि सणावारी तिला घरी आणावे. आमच्या भागात नाताळ आणि येळवस हे दोन्ही थंडीच्या दिवसांत जवळजवळ येतात. सारा गाव रानात भज्जी-अंबिलीचे जेवण घेतो. त्या दिवसांत आठ रोज आई गावी असावी, पाळण्याच्या मिस्सेला नातवंडांच्या मध्ये बसावी, आणि आपल्या बांधावर पाय टेकावी.

पॅरिशचे काम

ही सारी जबाबदारी एकट्या मुलांवर टाकून पॅरिशने मोकळे होऊ नये. आपल्या धर्मग्रामातील किती वृद्ध आज कोणत्या आश्रमात आहेत, याची यादी किती ठिकाणी आहे? जी माउली चाळीस वर्षे आपल्या शेजारच्या बाकावर गुडघे टेकत होती, ती दिसेनाशी झाल्यावर ‘कोठे गेली?’ असे आपण विचारतो का? पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली आजी-आजोबा व वृद्ध यांच्यासाठी एक जागतिक दिन ठरवून दिला. संत योआकीम व संत अन्ना यांच्या 26 जुलैच्या सणालगतचा, म्हणजे जुलैचा चौथा रविवार, हा तो दिवस. त्या रविवारी तरुणांनी वर्गणी काढून एक गाडी करावी आणि आपल्या पॅरिशच्या म्हाताऱ्यांस जेथे असतील तेथे भेटून यावे. बरोबर एक मराठी प्रार्थनापुस्तक आणि एखादीच्या हातची भाकरी न्यावी.

आणि ज्या घरातील आई आश्रमात आहे, त्या घराविषयी निवाडा देण्यापूर्वी आपण एकच प्रश्न विचारावा: तो मुलगा तिला भेटावयास जातो का? जात असेल, तर त्याने आईला टाकलेले नाही; तिच्यासाठी दुसरे घर पाहिले आहे. जात नसेल, तर त्याला जाण्याची आठवण करून द्यावी, आणि त्याची पावले वळेपर्यंत आपण स्वतः तिच्या भेटीस जावे. आपली नातवंडे आज हे सारे पाहत आहेत. आपल्या म्हातारपणी ती जे करतील, ते आज आपल्याकडूनच शिकत आहेत, हे प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने ध्यानी ठेवावे.